मेडिकलमधला ग्लुकोमीटर मांजराला चालतो का? मधुमेही मांजराच्या घरातल्या सामानाची पारख

चालतो. माणसांसाठी बनवलेल्या साध्या ग्लुकोमीटरवर मांजराची शुगर बघता येते, आणि घरात मधुमेही मांजर असेल तर तो घ्यायलाच हवा. मात्र दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही आणि डबीवरही लिहिलेल्या नसतात. एक, हा मीटर मांजराच्या बाबतीत बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. दोन, मधुमेही मांजराचा जीव ज्या दोन कारणांनी अचानक धोक्यात येतो, त्यांतलं एकच त्याला कळतं. शुगर एकदम खाली गेली तर तो पकडतो. रक्तात साठत चाललेले कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे घटक, त्याला दिसत नाहीत. म्हणून मीटरच्या जोडीला सिरिंज, कीटोनच्या पट्ट्या, सेन्सर, वजनकाटा, गोळ्या आणि खाण्याचे पाऊच यांतलं काय घ्यावं नि काय टाळावं, तेही इथे आहे. डोस ठरवणं पशुवैद्याचं काम. पण तो ठरवायला लागणारे आकडे घरातूनच जावे लागतात.

याचं कारण असं की दवाखान्यातल्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पिंजऱ्यात कोंबलेलं, रिक्षातून हादरत आलेलं, शेजारच्या बाकावरच्या कुत्र्याच्या भुंकण्याने गारठलेलं मांजर टेबलावर येतं तेव्हा निव्वळ भीतीने त्याची शुगर ३०० च्या पुढे गेलेली असू शकते. मधुमेह नसलेल्या मांजराचीही जाते. त्या आकड्याकडे बघून इन्सुलिन वाढवलं आणि घरी, शांत झोपेत, त्याच मांजराची शुगर मुळात १२० असली, तर रात्री काय होईल ते वेगळं सांगायला नको. फ्रुक्टोसामाइनची तपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांचा सरासरी अंदाज देते, म्हणून निदानाच्या वेळी ती जरूर करून घ्यावी. रोजच्या कारभाराला मात्र घरचा थेंब लागतो.

मीटर कमी का दाखवतो

माणसाच्या रक्तातलं ग्लुकोज साधारण ५८ टक्के प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, आणि ४२ टक्के तांबड्या पेशींत असतं. मांजराच्या रक्तात हेच प्रमाण ९३ आणि ७ टक्के आहे. पट्टीवर थेंब पडला की मीटर माणसाचं गणित लावून उत्तर देतो, आणि ते मांजरासाठी कमी पडतं. खालच्या आकड्यांत ही तफावत साधारण १५ ते २० असते. वरच्या आकड्यांत ती बरीच वाढते. झोएटिस कंपनीचा अल्फाट्रॅक हा मीटर कुत्र्या-मांजरांसाठीच बनवलेला आहे. त्याला ०.३ मायक्रोलिटर इतका बारीक थेंब पुरतो आणि आकडा प्रयोगशाळेच्या जवळ जातो. अल्फाट्रॅक २ वापरताना पट्ट्यांच्या डबीवरचा मांजराचा कोड मीटरमध्ये नीट भरावा लागतो. चुकून कुत्र्याचा कोड राहिला तर आकडा चुकतो. मीटर उत्तमच आहे. अडचण पट्ट्यांची आहे. आपल्याकडे त्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मागवाव्या लागतात, आणि रविवारी रात्री डबी संपली तर हातात काहीच राहत नाही. दिवसातून दोनदा मोजायचं आणि महिन्यातून एक दिवस दर दोन तासांनी, म्हणजे पट्ट्या सत्तरच्या घरात लागतात. म्हणून माझा कौल कोपऱ्यावरच्या दुकानात ज्याच्या पट्ट्या कायम असतात त्या मीटरला. तो कमी दाखवतो हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. एकदा पशुवैद्याकडे रक्त काढताना त्याच क्षणी आपल्या मीटरवरही एक थेंब घ्यावा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. आपल्या मीटरची खोड त्यावरून कळते.

मीटर मात्र एकदा ठरला की बदलू नये. आज एक, उद्या शेजाऱ्यांचा दुसरा, असं केलं तर आकड्यांच्या चढउताराला काही अर्थ उरत नाही.

आकड्याकडे बघताना आणखी एक सवलत द्यावी लागते. मीटरसाठीचं आयएसओ १५१९७ हे २०१३ चं मानक असं सांगतं की १०० च्या खालचा आकडा १५ ने वर-खाली असला तरी चालतो, आणि १०० व त्यावरच्या आकड्यात १५ टक्क्यांचा फरक मान्य आहे. शंभरातल्या ९५ चाचण्या या हद्दीत बसल्या की मीटर पास. म्हणजे ३०० दिसलं तर खरं उत्तर २५५ ते ३४५ यांत कुठेही असू शकतं. लागोपाठ घेतलेल्या दोन थेंबांत २८० आणि ३१० आले म्हणून मीटर बिघडला असं समजून परत करायला जाऊ नये. सकाळी ३१०, संध्याकाळी २८०, म्हणून "औषध लागू पडलं" असंही समजू नये.

मीटर निवडताना थेंब किती लागतो ते आधी बघावं, कारण मांजराच्या कानातून रक्त तेवढंच निघतं. अ‍ॅक्यू-चेक अ‍ॅक्टिव्हला १ ते २ मायक्रोलिटर लागतं. मांजरासाठी हे जड जातं आणि अर्ध्या पट्ट्या वाया जातात. अ‍ॅक्यू-चेक इन्स्टंट आणि कॉन्टूर प्लस या दोघांना ०.६ पुरतं. कॉन्टूर प्लसची एक सोय विशेष कामाची आहे: थेंब अपुरा पडला तर मीटर सूचना देतो आणि काही सेकंदांत त्याच पट्टीला आणखी रक्त लावता येतं. मांजर मान झटकणार हे गृहीत धरलं तर ही सोय पट्ट्यांचे पैसे वाचवते.

पट्ट्यांची डबी जून ते सप्टेंबर जपावी. कोकणात आणि मुंबईत हवेतल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात. पट्टी काढली की झाकण लगेच टक्कन बसलं पाहिजे. पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत, दुसऱ्या डबीत भरू नयेत.

कानातला थेंब

कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. उजेडासमोर कान धरला की ती गुलाबी रेघेसारखी दिसते. शिरेला नेम धरायचा नाही. ती शीर आणि कानाची कड यांच्यामधली जेमतेम दोन मिलिमीटरची पट्टी, ती जागा. मोज्यात थोडे तांदूळ भरून गाठ मारावी, मायक्रोवेव्हमध्ये किंवा तव्यावर कोमट करावा, आपल्या मनगटाला सोसतो का ते बघावं आणि कानाला अर्धा मिनिट लावून धरावा. थंड कानातून थेंब निघत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची निम्मी निराशा या एका कारणाने असते.

मग कानावर व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवावं, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, मण्यासारखं उभं राहतं. कानाच्या मागे घडी घातलेला कापूस धरावा. सुई आरपार गेली तरी आपल्या बोटात शिरत नाही. सुरुवातीला २८ गेजची जाडसर लॅन्सेट बरी. पंधरा दिवस टोचून झालं की त्या कडेला बारीक शिरा वाढतात आणि ३० गेजवरही थेंब येतो. टोचण्याची यंत्रं खटका करतात आणि त्या आवाजाने मांजर बिचकतं, म्हणून लॅन्सेट हातात धरून एक झटपट टोचा देणं जास्त जमतं. पट्टी आधीच मीटरमध्ये घालून ठेवावी. थेंब आला की पट्टीची कड थेंबाला टेकवावी, वरून चोपडू नये. शेवटी कापसाने वीस सेकंद दाबून धरावं, नाहीतर कान काळानिळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मांजर तो कान हातात देत नाही. त्यानंतर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, दर वेळी, न चुकता. आठवड्याभरात मीटरचा आवाज ऐकून मांजर स्वतः येऊन बसतं.

आकडा कमी आला तर

बहुतेक पशुवैद्य दिवसातल्या सर्वांत खालच्या आकड्यासाठी ८० ते १५० हे लक्ष्य धरतात. माणसाच्या मीटरवर ६० च्या खाली काहीही दिसलं की "मीटर कमीच दाखवतो, खरं ७५ असेल" हा हिशोब करायचा नाही. तफावतीचा फायदा वरच्या आकड्यांत घ्यावा. खालच्या आकड्यांत मीटर म्हणेल ते खरं धरावं. मांजर शुद्धीत आहे, चालतंय, खातंय, तर ताबडतोब खायला द्यावं. अशा वेळी पिठूळ सुकं खाणं किंवा ग्रेव्हीचा पाऊचही चालेल. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि पुढचं इन्सुलिन पशुवैद्याशी बोलल्याशिवाय देऊ नये.

झोकांड्या जाणं, एकटक बघत राहणं, अंग थरथरणं, अचानक हावरटासारखी भूक लागणं, मग निपचित पडणं आणि झटके, हा उतरत्या शुगरचा क्रम. काही मांजरं मधल्या पायऱ्या दाखवतच नाहीत. मध किंवा ग्लुकोज पावडरची दाट पेस्ट, अर्धा ते एक चहाचा चमचा, बोटाने हिरड्यांवर चोळावी. झटके चालू असताना तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नये, ते फुप्फुसात जातं. दातांच्या मध्ये बोटही घालू नये. चोळलेल्या मधाने मांजर उठून बसलं तरी दवाखाना टाळायचा नाही. इन्सुलिनचा असर अजून काही तास चालू असतो आणि मध अर्ध्या तासात संपतो. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि सलाइनची सोय आहे का, हे आधीच फोन करून विचारून ठेवावं.

डोस चुकून दोनदा दिला गेला, हे शुगर उतरण्याचं घरोघरचं कारण. सकाळी एकाने दिलं, दुसऱ्याला माहीत नव्हतं. फ्रीजच्या दारावर कागद चिकटवावा. ज्याने सुई दिली त्याने सिरिंज टाकण्याआधी वेळ लिहायची. सुई देताना केस ओले लागले, म्हणजे औषध कातडीच्या घडीतून पलीकडे गेलं, तर पुन्हा द्यायचं नाही. किती आत गेलं ते कळायला मार्ग नाही, आणि एक डोस हुकल्याने बारा तासांत फार बिघडत नाही.

सिरिंज: सर्वांत स्वस्त, सर्वांत धोक्याची

मेडिकलवाल्याशी इथे जास्त बोलावं लागतं. भारतात माणसांचं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. ४० युनिट प्रति मिलिलिटर, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिट प्रति मिलिलिटर, तिची टोपी केशरी. मांजरांना बरेचदा दिलं जाणारं ग्लार्जिन, म्हणजे लॅन्टस आणि तत्सम, १०० ताकदीचं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ओढलं तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. मांजराचा सुरुवातीचा डोस बहुधा दिवसातून दोनदा १ युनिट एवढाच असतो, त्यामुळे अडीच पट हा आकडा जीवघेणा आहे. उलट ४० ताकदीचं औषध केशरी सिरिंजने दिलं तर १ च्या जागी ०.४ युनिट जातं आणि शुगर हलत नाही. "केशरी झाकण, १०० युनिट, ०.३ मिलिलिटर" असं कागदावर लिहून न्यावं.

०.३ चं कारण रेघांत आहे. १ मिलिलिटरच्या बहुतेक केशरी सिरिंजवर प्रत्येक रेघ २ युनिटची असते. तिच्यावर १ युनिट म्हणजे नुसता अंदाज. ०.३ मिलिलिटरच्या सिरिंजवर रेघा सुट्या दिसतात, आणि अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर तीच घ्यावी, कारण मांजराचा डोस अर्ध्या अर्ध्या युनिटने सरकतो. सुई ३१ गेजची, ६ किंवा ८ मिलिमीटर लांबीची. दट्ट्याच्या काळ्या रबराची सुईकडची कड रेघेवर आली पाहिजे, मागची नव्हे. उजेडात, डोळ्यांच्या पातळीवर धरून बघावं. एवढ्याशा डोसमध्ये हवेचा एक बुडबुडा म्हणजे पाव युनिट कमी.

पेन सोयीचं वाटतं. पण लॅन्टसचं तयार पेन १ युनिटच्या पटीतच चालतं, आणि ४ मिलिमीटरची पेनसुई मांजराच्या सैल कातडीत नीट पोचेलच असं नाही. कार्ट्रिजच्या रबरातून सिरिंजने औषध ओढून घेणं जास्त काटेकोर होतं. तसं करताना कार्ट्रिजमध्ये हवा भरायची नाही आणि जास्त ओढलेलं औषध परत ढकलायचं नाही. ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं. गढूळ दिसलं, कण दिसले, तर टाकून द्यावं. त्यात पाणी मिसळून पातळ करू नये, ते आम्लधर्मी असतं आणि त्यावरच त्याचा दीर्घ असर अवलंबून आहे. माणसांसाठी उघडल्यावर २८ दिवसांची मुदत छापलेली असते. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं तर संपलं, मग ते नितळ दिसत असलं तरी.

मीटरला न दिसणारं: कीटोन

इन्सुलिन अपुरं पडलं की पेशींना ग्लुकोज मिळत नाही. शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्ल होत जातं. मांजर खाणं सोडतं, उलट्या करतं, कोपऱ्यात चिकटून बसतं. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, तोही प्रत्येकाला जाणवत नाही. ही डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. बरेचदा मागे स्वादुपिंडाची सूज, लघवीचा संसर्ग किंवा दुसरं एखादं दुखणं असतं. इथे घरचे उपाय नाहीत. सलाइन, थेट शिरेतून किंवा स्नायूत इन्सुलिन, पोटॅशियम आणि फॉस्फेटवर दर काही तासांनी नजर, असा काही दिवसांचा मुक्काम असतो. पोटॅशियम घसरलं की मांजराची मान पुढे लोंबते; फॉस्फेट फार उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून "एक सलाइन लावून घरी न्या" हे या आजाराला पुरत नाही.

लघवीच्या पट्ट्यांमध्ये कीटोन आणि ग्लुकोज दोन्ही दाखवणाऱ्या घ्याव्यात. फक्त ग्लुकोज आणि प्रोटीन दाखवणारी डबी स्वस्त म्हणून हातात ठेवली जाते. ती या कामाची नाही. कीटो-डायस्टिक्ससारख्या पट्टीवर कीटोनचा रंग १५ सेकंदांनी आणि ग्लुकोजचा ३० सेकंदांनी वाचायचा असतो. पाच मिनिटांनी वाचलेला रंग काहीही सांगतो. मांजर लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये, बसलं की मागून लांब दांड्याची वाटी किंवा पळी सरकवावी. ढेकूळ होणाऱ्या मातीला पट्टी लावून उपयोग नाही.

या पट्टीची मर्यादा मोठी आहे. ती अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट पकडते. आजारात जास्त साठणारं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. पट्टीवर जांभळट छटा आली तर त्याच दिवशी दवाखाना. पट्टी कोरी आली पण मांजर खात नाही आणि उलट्या करतंय, तरीही दवाखाना. रक्तातले कीटोन मोजणारे मीटर मिळतात. फ्रीस्टाइल ऑप्टियम निओमध्ये कीटोनची वेगळी पट्टी लागते आणि ती बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटच मोजते. आकडा साधारण २.४ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेला की कीटोअ‍ॅसिडोसिसची दाट शंका घेतात. पट्ट्या महाग आहेत. ज्या मांजराला हा आजार एकदा होऊन गेला आहे त्याच्या घरी तरी त्या असाव्यात.

मांजर जेवलं नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करून दोन-तीन दिवस वाट बघणं, हा या आजाराकडे जाणारा हमरस्ता. न जेवलेल्या मांजराला पूर्ण डोसही द्यायचा नाही. त्याच सकाळी पशुवैद्याला फोन करायचा.

अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन ही तोंडावाटे द्यायची औषधं मांजरांसाठी मंजूर झाली. परदेशातल्या मराठी घरांत ती पोचली आहेत. सुईची कटकट जाते, हा फायदा खरा. पण ती लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यामुळे मीटरवर १२० दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकते. या औषधांवर असलेल्या मांजराच्या घरी कीटोन मोजण्याचं साधन नसेल तर औषध सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि घरातल्या आजोबांच्या डॅपाग्लिफ्लोझिनची किंवा ग्लिमेपिराइडची गोळी तोडून मांजराला देण्याचा विचारही करू नये.

सेन्सर

अ‍ॅबटचा फ्रीस्टाइल लिब्रे, म्हणजे अंगावर चिकटवून शुगर सतत मोजणारा सेन्सर, मांजराच्या मानेच्या वर किंवा खांद्याच्या मागे लावतात. केस भादरून, कातडी कोरडी करून, कडेला शस्त्रक्रियेच्या गोंदाचे थेंब लावून; मधल्या तंतूला गोंद लागता कामा नये. एक तासाने आकडे सुरू होतात. माणसाच्या दंडावर तो १४ दिवस चालतो, मांजराच्या अंगावर पुष्कळदा त्याआधीच निघतो. आठ तासांच्या आत स्कॅन केलं नाही तर मधली माहिती पुसली जाते, म्हणून रात्री झोपताना आणि उठल्यावर स्कॅन ठरलेलं.

पहिल्या महिन्यात, डोस बसवताना, याच्यासारखी मदत नाही. पहाटे तीनला शुगर कुठे जाते हे कानाच्या थेंबाने कळणं कठीण. मात्र सेन्सर पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या मागे काही मिनिटं राहतो. मांजर त्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा नीचांक दिसतो. सेन्सरवर ४५ दिसलं आणि मांजर आरामात पाय चाटत असलं, तर मध लावण्याआधी कानाचा थेंब घ्यावा. मांजर झोकांड्या खात असेल तर मध आधी, थेंब नंतर. कायम सेन्सरवर राहणं खर्चाचं आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एक, मधल्या काळात मीटर, ही विभागणी मला रास्त वाटते.

मागचे पाय आणि बी-१२ च्या गोळ्या

शुगर दीर्घकाळ चढी राहिली की मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात. मांजर बोटांवर चालणारं जनावर. ते टाच जमिनीला टेकवून, सशासारखं चालायला लागतं. पलंगावरची उडी चुकते. लोक याला संधिवात समजून वेदनाशामक देतात. खरा इलाज शुगर आटोक्यात आणणं; मग काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पाय पुन्हा वर उचलले जातात, सगळ्यांचे पूर्ण नाही.

मेथिलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चा एक प्रकार, जोडीला देतात. त्याचा मोठा पुरावा नाही, अपायही नाही. अपाय गोळीतल्या दुसऱ्या घटकाचा. आपल्याकडे नसांच्या बऱ्याच गोळ्यांत मेथिलकोबालामिनसोबत अल्फा लायपोइक अ‍ॅसिड असतं आणि ते मांजरासाठी विषारी आहे. कुत्र्याला सोसणाऱ्या मात्रेच्या कितीतरी कमी मात्रेत मांजराचं यकृत बिघडतं. काहींत प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषधही असतं. दुकानदार "हीच ती, फक्त जास्त पॉवरची" म्हणून पट्टी पुढे करतो. मागचा बारीक मजकूर वाचून, एकच घटक असलेली गोळीच घ्यावी.

कुत्र्यांत मधुमेहाने मोतीबिंदू सर्रास होतो, मांजरात क्वचित. त्यामुळे "डोळे स्वच्छ आहेत म्हणजे शुगर ठीक" हा तर्क टिकत नाही.

पाऊच, सुकं खाणं, दूधभात

डबीवर पिष्टमय पदार्थांचा आकडा लिहीत नाहीत, तो काढावा लागतो. १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, राख आणि ओलावा वजा करावा. समजा एका पाऊचवर प्रोटीन ९, फॅट ४, फायबर १, राख २, ओलावा ८०. उरतात ४. आता प्रोटीनला ३.५, फॅटला ८.५ आणि या उरलेल्याला ३.५ ने गुणायचं: ३१.५, ३४ आणि १४. एकूण ७९.५ कॅलरी, त्यांत पिष्टाच्या १४, म्हणजे जवळपास १८ टक्के. मधुमेही मांजरासाठी १२ टक्क्यांच्या खालचं बघावं. दुसऱ्या पाऊचवर प्रोटीन १२, फॅट ५, फायबर ०.५, राख २, ओलावा ७९ असेल तर हेच उत्तर ६ टक्क्यांच्या आत येतं. राख छापलेली नसेल तर २ धरावी. ग्रेव्हीचे पाऊच बहुधा हरतात, कारण ग्रेव्ही पिठाने दाट करतात. त्याच कंपनीचा लगद्यासारखा प्रकार बरा निघतो. सुकं खाणं, "डायबेटिक" लिहिलेलं असलं तरी, याच गणितातून काढून बघावं. दूधभात आणि दूधपोळी बंद. नुसतं उकडलेलं चिकन रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि शिजवण्यात टॉरिन हा मांजराला लागणारा घटक कमी होतो.

खाणं बदलण्याआधी पशुवैद्याला सांगावं. पिष्ट कमी केल्यावर काही दिवसांतच इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते आणि जुनाच डोस जड होतो. लठ्ठ मांजराला नवं खाणं आवडत नाही म्हणून उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साठते आणि तो स्वतंत्र जीवघेणा आजार आहे.

लहान बाळांचा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा या सगळ्या सामानात मला सर्वांत कमी कदर मिळालेला वाटतो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी. भरपूर खाऊनही वजन उतरतंय, तर शुगर आटोक्यात नाही. डोस वाढत चाललाय, शुगर हलत नाही आणि वजन मात्र वाढतंय, तर पिट्युटरी ग्रंथीतल्या वाढीच्या संप्रेरकाच्या अतिरेकाची, म्हणजे अ‍ॅक्रोमेगलीची, तपासणी करायला सांगावं. लिटरमधली ढेकळं मोजावीत. शुगर साधारण २७० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि ढेकळं लिंबाएवढ्यांची संत्र्याएवढी होतात. गोड लघवीत जंतू सुखाने वाढतात आणि पुष्कळदा मांजर काहीच त्रास दाखवत नाही, म्हणून दर काही महिन्यांनी लघवीचं कल्चर करून घ्यावं. नुसता रंग बघून प्रतिजैविक सुरू करू नये.

निदान लवकर झालं, पिष्ट कमी झालं आणि शुगर पहिल्या काही महिन्यांत आटोक्यात आली, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन सुटतं. तेव्हा मीटर माळ्यावर टाकू नये. आठवड्यातून एक थेंब चालू ठेवावा, पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघत राहावी, आणि दवाखान्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत "मधुमेह होता" असं लिहून घ्यावं. हिरड्या सुजल्या किंवा खाज सुटली की दीर्घकाळ चालणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन सहज दिलं जातं, आणि एकदा टोचलं की ते काढून घेता येत नाही. सुटलेला मधुमेह त्याने परत येऊ शकतो.